पापणी नसलेला डोळा

देवनार हें मुंबईच्या पूर्व उपनगरांतील ठिकाण. एका अंगाला ट्रॉम्बेची टेकडी, दुसऱ्या अंगाला ठाण्याच्या खाडीकडे उतरत गेलेला चिखल आणि तिवरांचें रान, आणि मध्यें दाटीवाटीनें उभ्या राहिलेल्या इमारती. यांपैकीं एखाद्या घरीं संध्याकाळीं पाहुणे आले आहेत अशी कल्पना करावी. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत कांचेची टाकी आहे. यजमानांचा मुलगा मोठ्या हौसेनें टाकीवरचा दिवा लावतो आणि सर्वांना जवळ बोलावतो. पाण्याच्या तळाशीं वीतभर लांबीचा, गुलाबीसर पांढरा, काळ्या मण्यांसारख्या डोळ्यांचा आणि मानेच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे तांबूस तुरे असलेला एक विलक्षण प्राणी बसलेला असतो. दिवा लागतांच तो मान झटकतो, शेपटीचा एक फटकारा मारतो आणि मागच्या कोपऱ्यांत ठेवलेल्या खापराआड तोंड खुपसून स्वस्थ पडतो. “लाजला,” असें पाहुणे म्हणतात. मुलाला वाटतें, तो रुसला. वस्तुतः तो लाजतही नाहीं आणि रुसतही नाहीं. त्याला पापणी नाहीं. ज्याला डोळे मिटतां येत नाहींत, त्यानें प्रकाशापासून सुटण्यासाठीं दुसरें करावें तरी काय?

या प्राण्याचें नांव ॲक्सोलॉटल. त्याला किती दिसतें आणि कोणते रंग दिसतात, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा वाटेल. पण ज्या घरांत हा प्राणी पाळला जातो, त्या घरापुरता तो अगदीं व्यवहाराचा प्रश्न आहे. टाकी कोठें ठेवावी, तिच्यावर दिवा लावावा कीं नाहीं, लावल्यास कोणत्या रंगाचा आणि किती वेळ, या साऱ्या गोष्टी घरांतील माणसें स्वतःच्या डोळ्यांना काय शोभेल त्यावरून ठरवितात. टाकींतील डोळे निराळ्या घडणीचे आहेत, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. म्हणून हा पाहुणा कोठून आला, तें आधीं पाहिलें पाहिजे; कारण कोणत्याही जातीचा डोळा घडतो तो तिच्या पिढ्या ज्या प्रकाशांत वाढल्या, त्या प्रकाशाच्या मापानें.

ॲक्सोलॉटल हा मासा नव्हे. बेडकाप्रमाणेंच तो उभयचर वर्गांतला आहे. मात्र बेडकाची शेपटी लहानपणींच नाहींशी होते, तर याच्या गोत्रांतील प्राण्यांची शेपटी जन्मभर टिकते. या गोत्राला सॅलमँडर म्हणतात. महाराष्ट्रांत सॅलमँडर मुळींच आढळत नाहींत. भारतांत ते दार्जिलिंग, सिक्कीम आणि त्यापलीकडील पूर्वेच्या डोंगराळ मुलखांत तेवढे सांपडतात. ॲक्सोलॉटलचें मूळ स्थान तर फारच दूर, मेक्सिको देशांत आहे. मेक्सिको शहराच्या परिसरांत पूर्वीं सोचिमिल्को आणि चाल्को अशीं दोन मोठीं तळीं होतीं. चाल्कोचें तळें पाणी काढून कोरडें करण्यांत आलें. सोचिमिल्कोचे आतां कालवे तेवढे उरले आहेत. रानटी स्थितींतील ॲक्सोलॉटलचें खरें घर म्हणजे हेच कालवे. समुद्रसपाटीपासून सुमारें २,२४० मीटर उंचीवरचें, थंड, गढूळ आणि पाणवनस्पतींनीं भरलेलें तें पाणी हेंच त्याचें सारें जग.

१८६४ सालीं मेक्सिकोहून ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला नेण्यांत आले. त्यांतील ३३ काळपट रंगाचे होते आणि एक नर पांढरा होता. त्यांपैकीं कांहीं तेथील निसर्गेतिहासाच्या संग्रहालयांत ओग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाच्या हातीं आले. १८६५ सालीं त्यांनीं अंडीं घातलीं, पिल्लें झालीं, आणि पुढें त्यांतल्या कांहीं पिल्लांनीं बाहेरचे कल्ले टाकून जमिनीवर राहणाऱ्या सॅलमँडराचें रूप घेतलें. हें पाहून द्युमेरिल चकित झाला. तेव्हां जें कोडें पडलें त्याचा उलगडा पुढें असा झाला, कीं ॲक्सोलॉटल हें जणूं कधींच मोठें न होणारें बाळ आहे. इतर बहुतेक सॅलमँडर लहानपण पाण्यांत काढून जमिनीवर येतात. हा मात्र कल्ल्यांसह पाण्यांतच राहतो, तेथेंच वयांत येतो आणि तेथेंच त्याची प्रजा वाढते.

त्याच्या पापण्यांचें रहस्य येथेंच आहे. पापणीचें पहिलें काम डोळा ओला ठेवण्याचें. पाण्यांत राहणाऱ्या पिल्लाला त्या कामाची गरजच नसते. पाणी डोळ्याला अहर्निश धूत असतें. सॅलमँडर जमिनीवर येतो, तेव्हां हवेनें डोळा सुकूं नये म्हणून त्याला पापण्या फुटतात. ॲक्सोलॉटल तेथवर पोहोंचतच नाहीं. मासेही बिनपापणीचेच असतात, असें यावर कोणी म्हणेल, आणि तें खरें आहे. पण दिवसा उन्हाच्या पाण्यांत हिंडणाऱ्या माशाचा संसार प्रकाशांतला असतो. ॲक्सोलॉटल दिवसा तळाच्या गाळांत किंवा वनस्पतींच्या आड दडून राहतो आणि संधिप्रकाशांत व रात्रीं भक्ष्याच्या शोधांत बाहेर पडतो. त्याच्या मूळ मुलखांत पापणीचें काम अंधार आणि गढूळ पाणी करीत असे. कांचेच्या टाकींत स्वच्छ पाणी घालून वर दिवा ठेवला, कीं त्याच्या या दोन्ही पापण्या एकाच वेळीं काढून घेतल्यासारखें होतें.

प्रकाशाचें मान किती निराळें असतें, हें आंकड्यांवरून कळेल. उजेड मोजण्याचें परिमाण ‘लक्स’ हें आहे. भर दुपारच्या उन्हांत उजेड सुमारें १,००,००० लक्सपर्यंत जातो. दिवे लावलेल्या दिवाणखान्यांत तो साधारणतः १०० ते ३०० लक्स असतो, आणि पौर्णिमेच्या चांदण्यांत पाव लक्सच्या आसपास. अर्थात् माणसाला मंद वाटणारा दिवाणखाना चांदण्याच्या मानानें शेंकडों पटींनीं उजळ असतो. माणसाचा डोळा या साऱ्या टप्प्यांशीं सहज जुळवून घेतो, म्हणून हा फरक त्याला जाणवत नाहीं. जो प्राणी चांदण्याच्या बाजूनें जगतो, त्याला तो जाणवल्यावांचून राहत नाहीं.

डोळ्याच्या आंत, मागच्या बाजूस, नेत्रपटल नांवाचा एक पातळ पडदा असतो. त्यांत प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात: कांहीं दांड्यासारख्या, त्यांना दंडपेशी म्हणतात, कांहीं निमुळत्या, त्यांना शंकुपेशी म्हणतात. दंडपेशी अत्यंत मंद उजेडांत काम करतात, शंकुपेशी चांगल्या उजेडांत. दंडपेशी किती हळव्या असतात याचा पुरावा उभयचरांनींच दिला आहे. १९७९ सालीं बेलर, लॅम्ब आणि याऊ या संशोधकांनीं भेकाच्या नेत्रपटलांतील एकेका दंडपेशीची विद्युत्‌क्रिया मोजली, तेव्हां प्रकाशाचा एकच कण पडला तरीही ती पेशी त्याची नोंद करते असें दिसून आलें. निसर्गांत प्रकाशाचें याहून लहान नाणें नाहीं.

सॅलमँडरांच्या पेशी तर आकारानें फार मोठ्या असतात. पेशी मोठी असण्याचा संबंध तिच्यांतील आनुवंशिक द्रव्याशीं आहे. २०१८ सालीं ॲक्सोलॉटलच्या या द्रव्याचें वाचन प्रसिद्ध झालें. त्यांत सुमारें ३,२०० कोटी अक्षरें भरलीं, म्हणजे माणसाच्या दहापट. मोठ्या पेशींत सूक्ष्म कांचनळी घालणें सोपें जातें. त्यामुळें दृष्टीचें शास्त्र ज्या प्राण्यांच्या आधारानें वाढलें, त्यांत या गोत्राला मानाचें स्थान आहे. १९६९ सालीं वर्ब्लिन आणि डाउलिंग यांनीं ‘मडपपी’ या अमेरिकन जलवासी सॅलमँडराच्या नेत्रपटलांतील निरनिराळ्या थरांच्या पेशी एकमेकींना काय कळवितात, हें प्रथम स्पष्टपणें मांडलें. ॲक्सोलॉटलचा निकटचा आप्त, उत्तर अमेरिकेंतील पट्टेरी ‘टायगर सॅलमँडर’, हा पुढें कित्येक वर्षें अशा प्रयोगशाळांतून नित्याचा सोबती झाला.

या संशोधनांतून रंगांसंबंधीं जें समजलें, तें प्रचलित समजुतीच्या अगदीं उलट आहे. रात्रीं हिंडणाऱ्या, बारीक डोळ्यांच्या या प्राण्याला सारें जग करड्या छटांचेंच दिसत असावें, असें सहज वाटतें. पण रंग ओळखण्यासाठीं निरनिराळ्या लहरी टिपणाऱ्या निरनिराळ्या पेशी असाव्या लागतात, आणि त्या या गोत्राजवळ आहेत. माणसाच्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्या सुमारें ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर लांबीच्या लहरींना, म्हणजे ढोबळ मानानें जांभळट निळा, हिरवा आणि पिंवळसर हिरवा या रंगांना अधिक जागतात. टायगर सॅलमँडराच्या शंकुपेशीही तीन प्रकारच्या आहेत. पण त्यांतील एक ६०० नॅनोमीटरच्या आसपास, नारिंगी रंगाकडे झुकलेली आहे. दुसरी निळ्या रंगाकडे. आणि तिसरी माणसाला मुळींच न दिसणाऱ्या अतिनील किरणांकडे. ॲक्सोलॉटलच्याच डोळ्याची परीक्षा डॉयशलँडर आणि फिलिप्स यांनीं केली. त्याच्या नेत्रपटलांत अतिनील किरण टिपणारी यंत्रणा आहे, असें त्यांनीं १९९५ सालीं दाखवून दिलें.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. अतिनील किरण माणसाच्या डोळ्यांतील भिंगच बहुतांशीं अडवितें. ते नेत्रपटलापर्यंत पोहोंचतच नाहींत. त्यामुळें माणसाला दोन पांढऱ्या वस्तू सारख्याच दिसतात. पण एक वस्तु अतिनील किरण परतवीत असेल आणि दुसरी ते गिळून टाकीत असेल, तर ॲक्सोलॉटलच्या डोळ्याला त्या दोन वस्तू वेगवेगळ्या दिसण्याची सोय आहे. त्याला तो फरक कोणत्या ‘रंगा’चा वाटतो, हें कोणत्याही मानवी भाषेंत सांगतां येणार नाहीं, जन्मतः जो रंग पाहिला नाहीं त्याला नांव तरी काय द्यावें? पण एवढें खरें, कीं खिडकींतून येणारा दिवसाचा उजेड आणि टाकीवरच्या दिव्याचा उजेड हे माणसाला दोन्ही पांढरे दिसले, तरी त्या प्राण्याच्या दृष्टीनें ते एक नव्हेत. खिडकीची कांच अतिनील किरणांतील कांहीं भाग आंत येऊं देते; घरोघरच्या एल. ई. डी. दिव्यांत ते जवळजवळ नसतातच.

दुसरी गोष्ट तांबड्या दिव्याची. प्राणी पाळणारांत अशी एक समजूत रूढ आहे, कीं ॲक्सोलॉटलला तांबडा रंग दिसत नाहीं. सबब रात्रीं तांबडा दिवा लावला, तर माणसाला प्राणी दिसतो आणि प्राण्याला मात्र अंधारच राहतो. ही तोड मोठी सोयीची आहे. पण वर सांगितलेल्या पेशींचा विचार करतां ती टिकत नाहीं. ज्या गोत्राची एक शंकुपेशी नारिंगी-तांबड्या बाजूला माणसाच्या पेशीहूनही पुढें सरकलेली आहे, त्याला तांबडा दिवा न दिसावा हें संभवत नाहीं. रात्रीच्या दंडपेशींना तांबडा प्रकाश कमी जाणवतो एवढें खरें. म्हणून अगदीं मंद तांबडा दिवा पांढऱ्याहून सौम्य म्हणतां येईल. पण सौम्य दिवा म्हणजे अंधार नव्हे. त्या दिव्याखालीं रात्रभर प्राण्याला न्याहाळत बसणाऱ्यानें, आपणही दिसत आहों, असें समजून असावें.

तांबड्या बाजूकडील या झुकावाचें कारण पाण्यांत सांपडतें. निर्मळ पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतें आणि निळा खोलवर जाऊं देतें. म्हणून खोल समुद्र निळा दिसतो. तळ्याचें पाणी तसें नसतें. कुजलेल्या पानांचा अर्क आणि गाळ यांमुळें त्यांत निळा-जांभळा प्रकाशच आधीं विझतो आणि पिंवळट-तांबूस प्रकाश मागें राहतो. अशा पाण्यांतील प्राण्यांनीं यावर एक युक्ति साधली आहे. डोळ्यांतील रंगद्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनतें. या जीवनसत्त्वाचा थोडा निराळा दुसरा प्रकार वापरला, कीं रंगद्रव्याची संवेदना तांबड्या बाजूकडे सरकते. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्ड यानें गोड्या पाण्यांतील माशांत हा दुसरा प्रकार दाखविला. बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांतही तो असतो आणि पिल्लूं मोठें होऊन जमिनीवर आलें कीं पहिला प्रकार त्याची जागा घेतो, हेंही त्यानें दाखविलें. दृष्टीवरील या कार्याबद्दल १९६७ सालीं त्याला दोघां सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळालें. पाण्यांतील सॅलमँडरांच्या डोळ्यांतही या दुसऱ्या प्रकाराचा अंश आढळतो. जो प्राणी पाणी सोडतच नाहीं, त्याच्या डोळ्यानें पाण्याचा रंग ओळखून असावें, यांत नवल नाहीं.

बेडूक आणि सॅलमँडर यांच्या डोळ्यांत आणखी एक विशेष आहे, आणि तो इतर कशेरुक प्राण्यांत सहसा दिसत नाहीं. माणसाच्या दंडपेशी एकाच प्रकारच्या असतात. त्यामुळें अंधुक उजेडांत त्याला रंग कळत नाहींत. या उभयचरांत मात्र दंडपेशी दोन प्रकारच्या असूं शकतात: एक हिरव्या प्रकाशाकडे कललेली, दुसरी निळ्याकडे. दोन प्रकार असले कीं तुलना करतां येते, आणि तुलना करतां आली कीं रंग ओळखतां येतो. स्वीडनमधील लुंड विद्यापीठांत बेडकांवर झालेल्या आणि २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें आढळलें, कीं ज्या अंधारांत माणसाला कांहींच दिसत नाहीं, त्या अंधारांतही बेडूक निळा आणि हिरवा यांतील भेद ओळखूं शकतो. म्हणजे निळसर ‘चांदण्याचा दिवा’ म्हणून जो टाकीवर रात्रभर जळत ठेवतात, तो या वर्गांतील प्राण्यांच्या दृष्टीनें शोभेची किनार नसून चांगला जाणवणारा उजेड असतो.

उभयचरांच्या आयुष्यांत रंगाला खरोखरच कांहीं किंमत आहे काय, अशी शंका येणाऱ्यानें मेक्सिकोपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर कोंकणांतील शेतांत आणि मुंबईभोंवतालच्या पाणथळ जागीं मोठे बेडूक डरांव डरांव करूं लागतात. एरवीं मातकट हिरव्या रंगाचा नर त्या दिवसांत हळदीसारखा पिंवळाधमक होतो आणि त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या रंगानें फुगतात. विणीचा काळ सरला कीं हा सारा थाट ओसरतो. हा पिंवळा आणि निळा साज पाहणारे डोळेच नसते, तर निसर्गानें त्याचा एवढा खटाटोप कशाला केला असता?

तथापि ॲक्सोलॉटल सर्वस्वीं डोळ्यांवर विसंबून नसतो. त्याच्या डोळ्याला मुख्यतः हालचाल कळते. बेडकाच्या बाबतींत हें १९५९ सालींच लेट्विन, मातुराना, मॅककलक आणि पिट्स यांनीं सिद्ध केलें होतें: लहानशी काळी वस्तु हलली, तरच बेडकाच्या डोळ्याकडून मेंदूला ‘भक्ष्य’ अशी वर्दी जाते. ॲक्सोलॉटलही समोरून सरकणाऱ्या गांडुळावर चटकन् वळतो आणि तोंड उघडून पाण्याच्या ओघासह तें आंत ओढतो. निश्चल पडलेला तुकडा मात्र त्याला वासानें शोधावा लागतो. शिवाय त्याच्या डोक्यावर आणि अंगाच्या बाजूंवर पाण्याचे सूक्ष्म तरंग ओळखणारीं इंद्रियें असतात, आणि कांहीं इंद्रियें तर इतर प्राण्यांभोंवतीं असणारा अल्पसा विद्युत्‌प्रभावही टिपतात. म्हणून अंधारांत ठेवला तर तो उपाशी मरेल, ही भीति अनाठायीं आहे.

घरांत पाळले जाणारे ॲक्सोलॉटल निरनिराळ्या रंगांचे असतात, आणि या रंगांचाही डोळ्यांशीं संबंध आहे. मूळ जात काळपट-हिरवट, ठिपकेदार. पांढऱ्या कातडीच्या आणि काळ्या डोळ्यांच्या जातींत, गर्भावस्थेंत रंगपेशी कातडीभर पसरावयाच्या त्या पसरत नाहींत. पण नेत्रपटलामागचा काळा थर निराळ्या मुळापासून तयार होत असल्यानें तो शाबूत राहतो. म्हणून कातडी पांढरी असूनही डोळा काळा. याहून वेगळा, खरा ‘भुरा’ प्रकार आहे. त्यांत काळें रंगद्रव्य बनतच नाहीं. कातडी पांढरी किंवा सोनेरी आणि डोळे गुलाबी अथवा फिके दिसतात. डोळ्यामागचा काळा थर हा छायाचित्र काढण्याच्या पेटीच्या आंतल्या काळ्या रंगासारखा असतो: नको असलेला प्रकाश तो गिळतो. हा थरच रंगहीन असला, कीं प्रकाश आंतल्या आंत विखुरतो. दुकानांत सोनेरी ॲक्सोलॉटल पाहून घेणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें, कीं दिसावयास जो अधिक देखणा, त्याला दिवा अधिक जाचणारा.

प्रकाशाची वर्दी केवळ डोळ्यांवाटेंच जाते असेंही नाहीं. उभयचरांच्या मेंदूच्या वरच्या अंगास एक लहानशी ग्रंथि असते. तिच्यावर कवटींतून झिरपलेला प्रकाश पडतो आणि दिवस-रात्रीची गणना तिच्या आधारें चालते. डोळ्यांनीं टिपलेल्या उजेडावर कातडीची छटाही कांहीं अंशीं अवलंबून असते. मूळ रंगाचा ॲक्सोलॉटल काळ्या तळावर गडद आणि पांढऱ्या तळावर फिका होऊं लागतो. तात्पर्य, रात्रीं बारा वाजेपर्यंत जळणारा दिवाणखान्यांतील दिवा त्या प्राण्याच्या नुसत्या डोळ्यांत जात नाहीं. त्याच्या दिवसाच्या हिशेबांतही ढवळाढवळ करतो.

देवनारजवळच्या खाडीच्या चिखलावर ओहोटीच्या वेळीं निवट्या उड्या मारतांना दिसतात. निवटी हा मासाच. पण चिखलावर तासन् तास हवेंत काढणारा. तिचे डोळे डोक्याच्या माथ्यावर उंचवट्यासारखे असतात आणि ती ते मधूनमधून खोबणींत ओढून घेऊन ओले करते. पाहणाराला वाटतें, निवटीनें डोळा मिचकावला. जी हवेंत आली, तिनें डोळा झांकण्याची सोय करून घेतली. जो पाणी सोडून आलाच नाहीं, त्या ॲक्सोलॉटलला ती सोय मिळाली नाहीं. त्याला ती पाळणाऱ्यानेंच करून दिली पाहिजे.

ही सोय महागाची नाहीं. टाकी खिडकीच्या उन्हापासून दूर, घरांतल्या छायेच्या भिंतीशीं असावी. तिच्यांत फुटक्या मडक्याचें खापर, आडवी ठेवलेली कुंडी किंवा दाट पाणवनस्पति असावी. एक नव्हे, दोन आडोसे असावेत, म्हणजे कोठेंही असला तरी त्याला लपतां येईल. तळ पांढऱ्याशुभ्र खड्यांचा न करतां गडद असावा. पांढरा तळ खालूनही उजेड परतवितो. वरचा दिवा वनस्पतींपुरता, मंद आणि नेमक्या तासांचा असावा. रात्रीं तांबडा, निळा, कोणताही दिवा नसावा. छायाचित्र काढतांना झगझगीत झोत मारूं नये. दिवा लावावयाचाच झाला, तर आधीं खोलींतला उजेड हळूहळू वाढवावा, म्हणजे त्याला आडोशाला जाण्यास अवधि मिळतो. मुंबईच्या हवेंत दिव्याची आणखी एक बाजू आहे. ॲक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सियसचें पाणी मानवतें, आणि २४ अंशांपुढें त्याचे हाल होऊं लागतात. देवनारला मे महिन्यांत हवा ३३ अंशांपर्यंत सहज तापते. पाणी थंड ठेवण्याच्या यंत्रावांचून येथें हा प्राणी पाळणें म्हणजे त्याला छळणेंच होय. अशा स्थितींत टाकीवरच्या दिव्याची ऊबही त्याच्याच अंगावर जाते.

या सर्वांत एक विषाद वाटण्यासारखी गोष्ट आहे. सोचिमिल्कोच्या कालव्यांत १९९८ सालच्या मोजणींत एका चौरस किलोमीटरमागें सुमारें ६,००० ॲक्सोलॉटल होते. २०१४ सालीं तोच आंकडा ३६ वर आला. पाण्यांतील घाण, वाढतें शहर आणि बाहेरून आणून सोडलेले मासे यांनीं त्याचें घर हिरावलें. उलट, पॅरिसला गेलेल्या त्या थोड्या प्राण्यांची संतति प्रयोगशाळांतून आणि घराघरांतील टाक्यांतून जगभर पसरली. म्हणजे आज बहुसंख्य ॲक्सोलॉटलना जो प्रकाश मिळतो, तो सूर्याचा किंवा चंद्राचा नसून माणसानें ठरविलेला असतो. त्यांच्या दिवसाचा आणि रात्रीचा कर्ता माणूस झाला आहे.

पुन्हां देवनारच्या त्या दिवाणखान्याकडे यावें. पाहुणे गेले आहेत, जेवणें आटोपलीं आहेत. मुलानें टाकीवरचा दिवा विझविला आणि खोलींतलाही. बाहेरच्या रस्त्याचा पुसट उजेड तेवढा पडद्यांतून येत आहे. माणसाला टाकींत आतां काळोखाखेरीज कांहीं दिसत नाहीं. कांहीं वेळानें खापराआडून पांढरी आकृति हळूच बाहेर येते, कल्ल्यांचे तुरे पसरते आणि तळावरून सावकाश फिरूं लागते. पाहणाऱ्याचें पाहणें जेथें संपलें, तेथून तिचें पाहणें सुरू झालें आहे. प्राणी पाळणें म्हणजे त्याला आपल्या उजेडांत आणणें, असें माणसाला वाटतें; या बिनपापणीच्या जिवाला खरी माया दाखवावयाची तर वेळच्या वेळीं दिवा मालविणें, हीच ती होय.